ब्रेक लाइट कधी लागतो, कधी नाही

गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस आपल्या भागातल्या रस्त्यांवर गाड्यांची वर्दळ वाढते. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गोव्यात उतरायचे असो, की आंबोलीमार्गे सावंतवाडीला जायचे असो, वाट घाटाची, दिवस पावसाचे आणि वळणावळणावर धुके. अशा वेळी मागून येणाऱ्याला आपल्या गाडीचे दोन लाल दिवेच काय ते दिसतात. ते उजळले की तो समजतो, पुढची गाडी थांबते आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे सरकते, ६० च्या वेगाने जवळजवळ १७ मीटर. आपला दिवा लागला नाही आणि मागच्याला एक सेकंद उशिरा समजले, तर तेवढे अंतर हातचे गेले.

अजूनही बऱ्याच घरांत जुनी गाडी जपलेली असते. मारुती ८०० घ्या. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले. म्हणजे सगळ्यात ताजी मारुती ८०० सुद्धा आता दहा वर्षांहून जुनी आहे. इंजिनाचे तेल, टायर, ब्रेक यांकडे आपण लक्ष देतो. मागचा दिवा मात्र चालवणाऱ्याला दिसतच नाही, आणि तो लागत नाही हे सांगणारी खूणही अशा गाड्यांच्या डॅशबोर्डवर नसते.

दिवा कायमचा बंद पडला तर कोणीतरी सिग्नलला काच वाजवून सांगते आणि काम होते. 'कधी लागतो, कधी नाही' हे दुखणे जास्त घातक, कारण गॅरेजमध्ये गाडी उभी केली की तो हटकून लागतो. मग मेकॅनिक अंदाजाने एकेक भाग बदलतो. अशा दोषाचे मूळ पुष्कळदा एखाद्या ढिल्या, गंजलेल्या जोडणीत असते. म्हणून भाग बदलण्याआधी दिवा नेमका कधी जातो ते शोधावे.

एक जातो की दोन्ही?

ब्रेक लाइटची विजेची वाट सरळ आहे. बॅटरीतून वीज फ्यूजमध्ये येते, तिथून ब्रेक पेडलच्या वर बसवलेल्या स्विचमध्ये. पेडल दाबले की स्विच जोडला जातो आणि वीज मागे जाते. मागे तिचे दोन फाटे होतात, डावा आणि उजवा. प्रत्येक फाटा होल्डरमधून बल्बमध्ये शिरतो आणि तिथून अर्थिंगच्या वाटेने गाडीच्या बॉडीत उतरून बॅटरीकडे परत येतो.

ही वाट डोळ्यांपुढे ठेवली की निम्मे काम होते. दोन्ही दिवे एकदमच जात असतील, तर दोष फाटे फुटण्याआधी आहे, म्हणजे फ्यूज, स्विच किंवा त्यांना जोडणारी तार. एकच दिवा जात असेल, तर स्विचला हात लावायचे कारण नाही. त्या बाजूचा बल्ब, होल्डर, तिथली तार आणि अर्थिंग एवढेच पाहायचे.

मोटरसायकलवर आणि बऱ्याच स्कूटरवर ही पारख आणखी सोपी आहे. हाताच्या आणि पायाच्या ब्रेकला वेगवेगळा स्विच असेल, तर दोन्ही स्वतंत्र दाबून पाहा. पायाने लागतो आणि हाताने लागत नाही, तर बल्ब आणि मागची तार ठीक आहे, दोष हाताच्या स्विचपाशी आहे.

एका मारुतीची गोष्ट

आमच्या शेजारच्या काकांकडे जुनी मारुती ८०० आहे. डावा ब्रेक लाइट मधूनमधून जायचा. दोनदा बल्ब बदलला, एकदा स्विचही बदलला. गॅरेजमध्ये प्रत्येक वेळी दोन्ही दिवे लख्ख लागायचे. पावसाळा सुरू झाला की पुन्हा तेच.

शेवटी दोघांनी ठरवले की आठवडाभर रोज सकाळी आणि संध्याकाळी पाहायचे आणि कागदावर लिहायचे. काका पेडल दाबणार, काकू मागे बाजूला उभ्या राहणार. सकाळी काही सापडले नाही. पावसात भिजून आलेल्या गाडीवर संध्याकाळी टेल लाइट लावून पाहिले, तेव्हा काकू ओरडल्या, "अहो, तुम्ही ब्रेक दाबला की डावा दिवा चक्क विझतोय!"

जो दिवा उजळायला हवा तोच विझतो, हे ऐकायला विचित्र वाटते, पण अर्थिंग तुटल्याची ही नेमकी खूण आहे. अशा गाड्यांत बहुधा टेल आणि ब्रेक मिळून एकच बल्ब असतो. त्यात ५ वॅटची आणि २१ वॅटची अशा दोन तारा असतात आणि दोघींचे अर्थिंग एकच. ते तुटले की टेलची वीज परतीसाठी आडवाट धरते. ती ब्रेकच्या तारेतून उलटी जाते आणि उजव्या दिव्यातून बॉडीला पोचते. त्यामुळे डावा टेल लाइट लागलेला दिसतो. ब्रेक दाबला की त्याच आडवाटेवर समोरून तेवढ्याच व्होल्टची वीज येते. दोन्हीकडचा जोर सारखा झाला की प्रवाह थांबतो आणि दिवा विझतो. गॅरेजमध्ये गाडी कोरडी असायची, तपासणी दिवसा व्हायची आणि टेल लाइट बंद असायचा, म्हणून हे कोणाला दिसले नव्हते.

उपाय सोपा निघाला. एका तारेचे एक टोक बल्बच्या होल्डरच्या धातूला आणि दुसरे बॉडीवरच्या स्वच्छ बोल्टला लावून पाहिले, तर दिवा पूर्ववत लागला. मग मूळ अर्थिंगचा बोल्ट खोलला. खाली गंजाचा थर होता. काच पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, तारेचे टोक साफ केले, बोल्ट आवळला आणि ओल शिरू नये म्हणून वरून ग्रीस लावले. खर्च झाला तो फक्त काच पेपरचा.

आणखी कुठे पाहावे

बल्ब काढून उजेडात धरा. आतली तार तुटून दोन टोके एकमेकांना टेकलेली असतील, तर गाडीच्या हादऱ्याने दिवा लागतो आणि जातो. बल्बच्या बुडावरचे डाखाचे दोन ठिपके झिजून सपाट झाले असतील, किंवा होल्डरमधल्या स्प्रिंग मऊ पडल्या असतील, तरीही तसेच होते. होल्डरमध्ये तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवट थर दिसला, तर काचेच्या कडेचे रबर पाहा. पाणी तिथूनच शिरत असेल. रबर न बदलता होल्डर बदलला, तर पुढच्या पावसात पुन्हा तीच रड.

दोन्ही दिवे एकदम जात असतील, तर पेडल सावकाश दाबून पाहा. पेडल बरेच खाली गेल्यावर दिवा लागत असेल, तर स्विचची जागा सरकली आहे. त्याचा नट सैल करून तो नीट बसवता येतो. पेडलचा पाय हलका हलवला की दिवा लुकलुकत असेल, तर आतले काँटॅक्ट झिजले आहेत, आणि मग मात्र स्विच बदलावाच. काही जुन्या गाड्यांत हा स्विच पेडलवर नसून ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालतो. तिथे तेल ओघळलेले दिसले, तर तो ब्रेकचाच प्रश्न समजून गाडी लगेच दाखवावी.

दिवा मागच्या दारावर असेल, तर दार उघडझाप करताना लक्ष ठेवा. बिजागरीजवळच्या रबरी नळीत तारा वर्षानुवर्षे वाकून आतल्या आत तुटतात आणि वरचे आवरण शाबूत राहते. पावसाळ्यात उंदीर तारा कुरतडतात, तेही विसरू नका.

मीटर काय सांगतो, काय नाही

तारेचे बारीक धागे तुटत जाऊन एकच धागा उरला, तरी मल्टीमीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः जवळपास काहीच वीज ओढत नाही. २१ वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपियर ओढतो. तेवढा भार आला की कमकुवत जोडणी उघडी पडते. म्हणून बल्ब होल्डरमध्येच ठेवून आणि ब्रेक दाबून मोजावे. मीटरचे एक टोक होल्डरच्या धातूला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. आकडा जवळपास शून्य हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर अर्थिंग खराब आहे. वाटेत फक्त एक ओहमचा अडथळा आला, तरी सुमारे दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि उजेड जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो.

तीन गोष्टी टाळाव्यात. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालू नये, त्याने तार तापून आग लागू शकते. तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळू नये, डाख द्यावा किंवा दाबून बसवायची टोके वापरावीत. आणि दोष न शोधता एलईडी बल्ब बसवू नये. तो कमी वीज ओढतो, त्यामुळे कमकुवत जोडणीवरही काही दिवस बरा चालतो आणि मूळ दुखणे झाकले जाते.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करताना आरटीओत गाडी दाखवावी लागते. तिथे त्या दिवशी दिवा लागला म्हणून पाच वर्षांची हमी मिळत नाही. महिन्यातून एकदा पाच मिनिटे काढा. गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा. एकाने बाजूला उभे राहून मागचे दिवे पाहावेत, दुसऱ्याने पेडल दहा वेळा दाबावे. आधी सगळे दिवे बंद ठेवून, मग टेल लाइट लावून आणि शेवटी इंडिकेटरही चालू करून. दहापैकी एकदा जरी दिवा चुकला, तरी तो खराब आहे असेच समजावे आणि घाटाची वाट धरण्याआधी दुरुस्त करून घ्यावा. एकटेच असाल, तर रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करा आणि भिंतीवरचा लाल उजेड आरशात पाहा. घरातल्या मुलांनाही हे शिकवा. गाडी चालवायला लागायच्या आधी ती कशी तपासायची हे त्यांना कळलेले बरे.