गाडी चोरीला गेली तर फोन वाजेल का? कारसाठी अलार्म आणि ट्रॅकर निवडताना काय पाहावं

समजा, रात्री एक वाजता बीड शहरातल्या एखाद्या कॉलनीतून कार चोरीला गेली आणि मालकाला ते सकाळी सहा वाजता दूधवाला आल्यावर कळलं. चोराला पाच तास मिळाले. ताशी ६० किलोमीटरचा वेग धरला तरी गाडी ३०० किलोमीटर लांब गेलेली असेल. बीडवरून धुळे-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग ५२ जातो. कल्याण-निर्मल हा राष्ट्रीय महामार्ग ६१ सुद्धा याच जिल्ह्यातून जातो. पाच तासांत कर्नाटक किंवा तेलंगणाची हद्द गाठणं अवघड नाही.

आता हीच गोष्ट एक वाजून दोन मिनिटांनी कळली असती तर? गाडी अजून शहराच्या वेशीवरच असती. ट्रॅकर घेताना खरा प्रश्न हाच असतो. गाडी नकाशावर दिसते का, एवढंच पाहून भागत नाही. ती हलली हे तुम्हाला किती लवकर कळतं, यावर सगळं अवलंबून असतं.

तीन वेगळी कामं, तीन वेगळी साधनं

दुकानात ‘सिक्युरिटी सिस्टीम’ या एकाच नावाखाली तीन प्रकारच्या वस्तू विकल्या जातात.

पहिलं काम चोराला रोखण्याचं. इमोबिलायझर हे करतो. चावीतली छोटी चिप आणि गाडीचा संगणक यांची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. अलीकडच्या बहुतेक कारमध्ये तो कंपनीकडूनच बसवलेला असतो. जुन्या गाडीत आहे की नाही, हे मॅन्युअलमध्ये पाहा किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा. स्टिअरिंग लॉक आणि गिअर लॉकही याच गटातले. दिसायला साधे असले तरी ते तोडायला वेळ लागतो आणि चोराला वेळच नको असतो.

दुसरं काम मालकाला जागं करण्याचं. दार उघडलं, काच फुटली किंवा गाडी हलली की सायरन वाजवणारा अलार्म हे करतो. गाडी अंगणात असेल तर त्याचा उपयोग आहे. पण घर तिसऱ्या मजल्यावर आणि गाडी मागच्या गल्लीत असेल, तर तो आवाज शेजाऱ्यांनाच ऐकू येणार.

तिसरं काम गाडी शोधण्याचं. हे जीपीएस ट्रॅकर करतो. तो उपग्रहांच्या मदतीने स्वतःची जागा ठरवतो आणि आतल्या सिमकार्डावरून ती जागा कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो. तिथून ती तुमच्या ॲपवर येते. म्हणजे ट्रॅकरला दोन गोष्टी लागतात: वर मोकळं आकाश आणि आसपास मोबाइल टॉवर. यातली एक जरी नसली तरी नकाशावरचा ठिपका जागीच थांबतो.

एकच साधन तिन्ही कामं करेल ही अपेक्षा ठेवू नका. बजेट कमी असेल तर एक चांगलं कुलूप आणि एक विश्वासू ट्रॅकर ही जोडी बहुतेकांना पुरते.

आधी रेंज तपासा, मग ब्रँड

बीड जिल्ह्यात हा मुद्दा सगळ्यात आधी येतो. बालाघाटच्या डोंगररांगा जिल्ह्यातून जातात. धारूरचा घाट असो, मांजरसुंब्याचा घाट असो किंवा पाटोदा-आष्टीकडचा चढउताराचा भाग असो, सगळीकडे सगळ्या कंपन्यांची रेंज सारखी नसते.

म्हणून विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. आतलं सिम कोणत्या कंपनीचं आहे? एका कंपनीची रेंज गेली तर ते दुसरीवर जातं का? आणि उपकरण फक्त टू-जीवर चालतं की फोर-जीवरही? जिओचं टू-जी नेटवर्कच नाही, त्यामुळे फक्त टू-जीवर चालणाऱ्या उपकरणाला त्या टॉवरचा काहीच उपयोग नाही.

रेंज नसलेल्या भागात चांगला ट्रॅकर नोंदी स्वतःकडे साठवतो आणि रेंज आल्यावर एकदम पाठवतो. ही सोय आहे का, हेही विचारा. इंटरनेट मंद असेल तेव्हा एसएमएसवरून जागा कळवणारा ट्रॅकर ग्रामीण भागात जास्त कामाचा.

ट्रॅकर किती वेळाने जागा पाठवतो, तेही महत्त्वाचं आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका मिनिटात एक किलोमीटर पुढे जाते. दर दहा सेकंदांनी जागा कळली तर ती कोणत्या फाट्यावर वळली हे दिसतं. पाच मिनिटांनी कळली तर मधले चार फाटे निसटतात.

चोर पहिल्यांदा काय करेल?

तो बॅटरीची वायर काढेल. त्यामुळे ट्रॅकरमध्ये स्वतःची छोटी बॅटरी हवी आणि मुख्य वीज तुटताच इशारा यायला हवा. हा ‘पॉवर कट अलर्ट’ नसलेलं उपकरण घेऊ नका.

मग तो उपकरण शोधेल. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये खोचायचा ट्रॅकर बसवायला दोन मिनिटं लागतात, पण काढायला दोन सेकंद. वायरिंगला जोडून डॅशबोर्डच्या आत लपवलेला ट्रॅकर सापडायला वेळ लागतो. फिटरने तो कुठे बसवला, हे मालकाशिवाय जितक्या कमी लोकांना माहीत असेल तितकं बरं.

काही चोर इंजिन सुरूच करत नाहीत, गाडी टोचन करून किंवा ट्रकवर चढवून नेतात. अशा वेळी इग्निशनचा अलर्ट येणारच नाही. इंजिन बंद असताना गाडी हलली तरी सूचना देणारा ‘टो अलर्ट’ म्हणूनच लागतो.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचा धोका वेगळा. घरात ठेवलेल्या चावीचा सिग्नल यंत्राने वाढवून गाडीपर्यंत पोहोचवता येतो आणि गाडीला वाटतं की मालक जवळच उभा आहे. चावी धातूच्या अस्तराच्या पाकिटात ठेवली की हा सिग्नल अडतो.

इंजिन बंद करण्याचं बटण: सोय की धोका?

बरेच विक्रेते मोबाइलवरून इंजिन बंद करण्याची सोय मोठ्या कौतुकाने दाखवतात. पण महामार्गावर धावत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि मागून येणारा ट्रक आदळू शकतो. त्यात चोराबरोबर एखादा निरपराध माणूसही मरू शकतो. गाडी थांबल्यावर पुन्हा सुरू होऊ न देणारी किंवा अगदी कमी वेगातच काम करणारी व्यवस्था असेल तरच ती घ्या. शिवाय हे बसवताना मूळ वायर कापली जात असेल, तर वॉरंटीवर परिणाम होईल का, हे आधी शोरूमकडून लेखी घ्या.

एअरटॅग ठेवला तर चालेल?

एअरटॅगसारख्या टॅगमध्ये ना जीपीएस असतो ना सिम. जवळून जाणाऱ्या फोनच्या ब्लूटूथवर ते अवलंबून असतात. एअरटॅगला आयफोन लागतो. पुण्याच्या पार्किंगमध्ये तो सापडेल, पण शिरूर कासारच्या एखाद्या वस्तीवर शेडमध्ये लावलेल्या गाडीजवळून दिवसभर एकही आयफोन जाणार नाही. दुसरं म्हणजे, कोणाचा चोरून पाठलाग होऊ नये म्हणून अनोळखी टॅग सोबत असल्याची सूचना फोनवर येते. ती चोरालाही मिळते. जोडीला असू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

‘एआयएस-१४०’ म्हणजे काय?

प्रवासी वाहनांसाठीच्या ट्रॅकरचं हे सरकारी मानक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या १२५-एच नुसार बस, टॅक्सीसारख्या सार्वजनिक वाहनांना ट्रॅकर आणि आपत्कालीन बटण लागतं. नव्या वाहनांना हा नियम १ जानेवारी २०१९ पासून लागू झाला. रिक्षा आणि ई-रिक्षा त्यातून वगळलेल्या आहेत. खासगी कारला हे बंधन नाही. त्यामुळे ‘सरकारने सक्ती केली आहे’ असं सांगून कोणी खासगी कारला महागडं उपकरण विकत असेल, तर सावध व्हा.

खरी किंमत पाच वर्षांची

उपकरण एकदाच घेतलं जातं, पण सिम आणि ॲपचं शुल्क दरवर्षी भरावं लागतं. समजा एक ट्रॅकर २,५०० रुपयांना आहे आणि दुसऱ्या वर्षापासून वार्षिक शुल्क १,२०० रुपये. दुसरा ४,००० रुपयांना आहे आणि शुल्क ६०० रुपये. पाच वर्षांत पहिल्याचे ७,३०० रुपये होतात, दुसऱ्याचे ६,४००. स्वस्त दिसणारा महाग पडला. शुल्क संपलं की ट्रॅकर मुका होतो, म्हणून ती तारीख फोनच्या कॅलेंडरवर टाकून ठेवा.

नव्या कारमध्ये कंपनीचीच कनेक्टेड सेवा असेल तर तिची फुकट मुदत कधी संपते ते पाहा. अनेकांना ती संपल्याचं गरज पडल्यावरच कळतं.

गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल तर आणखी एक गोष्ट. घरचे पुण्याला किंवा ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यावर असतील, तर ट्रॅकर उभ्या गाडीची बॅटरी थोडी थोडी खात राहतो. बॅटरी उतरल्याचा इशारा देणारं उपकरण निवडा.

बसवल्यावर स्वतः चाचणी घ्या

रात्री दोनला घरच्या माणसाला गाडी शंभर मीटर पुढे न्यायला सांगा. फोन वाजतो का? तुम्ही उठता का? नुसतं नोटिफिकेशन झोपेत ऐकू येत नाही. मोठ्या आवाजाची सूचना किंवा थेट फोन कॉल येणारी सोय हवी. फोन सायलेंटवर असतानाही एकदा पाहा. मग बॅटरीची वायर काढून इशारा येतो का पाहा आणि घाटातून एक फेरी मारून नकाशावरची रेघ कुठे तुटते ते तपासा. घरातल्या किमान दोघांच्या फोनवर ॲप असू द्या.

इशारा खरा ठरला तर

आधी ११२ वर फोन करा. गाडीचा नंबर, रंग, ठिकाण आणि जाण्याची दिशा सांगा आणि लाइव्ह लिंक पोलिसांना द्या. ठिपका दिसतोय म्हणून स्वतः मागे धावू नका. गाडी परत मिळू शकते, जीव नाही.

गुन्हा दुसऱ्या हद्दीतला आहे म्हणून तक्रार घ्यायला नकार देता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही तरतूद आहे. तक्रार ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते.

त्याच दिवशी विमा कंपनीला आणि कर्ज असेल तर बँकेलाही कळवा. एफआयआर लगेच नोंदवलेला असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं या कारणाने खरा दावा नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. पण हे शेवटचं हत्यार समजा, उशीर करण्याची सवलत नाही. कंपनी गाडीच्या दोन्ही चाव्या मागते, म्हणून दुसरी चावी घरात कुठे आहे ते आजच शोधून ठेवा. आणि चोरीचं नुकसान फक्त थर्ड पार्टी विम्यात मिळत नाही, हेही पॉलिसी उघडून एकदा तपासा. ट्रॅकर गाडी सापडण्याची शक्यता वाढवतो. ती सापडलीच नाही, तर कर्जाचे हप्ते चालूच राहतात आणि तेव्हा हातात उरतो तो विमाच.