चंद्राचे गणित आणि चंद्राची साक्ष

हिजरी महिना अमावास्येला बदलत नाही. अमावास्येनंतरची पहिली कोर संध्याकाळी पश्चिमेला डोळ्यांनी दिसली, की नवा महिना लागतो. दिवसही सूर्यास्तालाच बदलतो, त्यामुळे चंद्र दिसलेली संध्याकाळ हीच नव्या महिन्याची पहिली रात्र. महिन्याच्या २९ तारखेला चंद्र दिसला तर महिना २९ दिवसांचा. नाही दिसला, ढग आडवे आले, तर ३० पूर्ण करायचे. त्यापुढे वाट पाहायची नाही, एकतिसावा दिवस नसतोच. रमजान ईद, बकरी ईद, मोहरम, ईद-ए-मिलाद आणि दर्ग्यांचे उरूस या सगळ्यांच्या तारखा या एका नियमावर ठरतात.

नियम साधा असला तरी आकाशात काय घडते ते बारकाईने पाहावे लागते. त्यासाठी मार्च २०२५ चा शेवटचा आठवडा आणि अजिंठ्याच्या पायथ्याचे फर्दापूर घेऊ. २९ मार्चला दुपारी ४ वाजून २८ मिनिटांनी चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले. अमावास्या संपली. त्या दिवशीचे खंडग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले नाही, पण चंद्र सूर्याच्या किती जवळून गेला याचा तो पुरावाच होता. पंचांगाच्या दृष्टीने एवढे पुरेसे होते: ३० मार्चच्या सूर्योदयाला प्रतिपदा होती, म्हणून त्या दिवशी गुढीपाडवा. हिजरी महिन्याला मात्र आणखी एक अट होती, कोर दिसण्याची.

फर्दापूरला त्या दिवसांत सूर्य ६ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास मावळतो. २९ मार्चच्या सूर्यास्ताला चंद्राचे वय जेमतेम सव्वादोन तास होते. चंद्र जवळपास सूर्यासोबतच क्षितिजाखाली गेला. दिसण्याचा प्रश्नच नव्हता. भारतात रमजान २ मार्चला सुरू झाला होता, म्हणजे चंद्र पाहायची संध्याकाळ ३० मार्चची. तोवर चंद्र २६ तासांचा झाला. सूर्यापासून तो सुमारे १५ अंश दूर होता, त्याचा उजळलेला भाग दोन टक्क्यांच्या आसपास होता आणि सूर्यास्तानंतर तो तासाभराने मावळणार होता. अशी कोर साध्या डोळ्यांनी सहज दिसते. ३१ मार्चला ईद झाली. एकाच अमावास्येने पाडवा आणि ईद लागोपाठच्या दिवशी आणली.

नुसत्या वयावर भिस्त ठेवता येत नाही, हे इथे सांगायला हवे. चंद्र कधी पृथ्वीच्या जवळ असतो व वेगाने पुढे सरकतो, कधी दूर असतो व रेंगाळतो. म्हणून वीस तासांचा चंद्र एका महिन्यात दिसतो आणि दुसऱ्या महिन्यात दिसत नाही. खरे महत्त्व त्याच्या सूर्यापासूनच्या कोनाला आणि क्षितिजावरच्या उंचीला असते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजाँ यांनी १९३० च्या दशकात दाखवले, की हा कोन सुमारे सात अंशांपेक्षा कमी असेल तर कोर दिसतच नाही. पुढे ब्रिटनचे बी. डी. यॅलप यांनी जुन्या निरीक्षणांवरून कोरीची जाडी आणि उंची यांचा मेळ घालणारी कसोटी बसवली. पाहायची सर्वांत चांगली वेळही तिच्यातून निघते: सूर्यास्त आणि चंद्रास्त यांमधल्या काळाचा निम्म्याहून थोडा कमी भाग सरला, की आकाश पुरेसे काळवंडते आणि चंद्र अजून फार खाली गेलेला नसतो. ३० मार्चला फर्दापुरात ही वेळ सात-सव्वासातची होती.

गावाची जागाही लक्षात घ्यावी लागते. फर्दापूरच्या दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला अजिंठ्याचे डोंगर आहेत, लेणी त्याच बाजूला. उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे मावळतो. हिवाळ्यात तो नैर्ऋत्येकडे सरकतो आणि कोवळी कोर डोंगराच्या बाजूला जाते. क्षितिजावर दोन-तीन अंशांची आड आली, तरी चंद्र दिसण्याच्या मोजक्या मिनिटांपैकी दहा-बारा मिनिटे गेली. आणि पावसाळ्यात ढगांपुढे कोणतीच कसोटी चालत नाही.

इथे शहादत, म्हणजे साक्ष, कामी येते. गावात चंद्र दिसला नाही तरी दुसरीकडे दिसल्याची खात्रीची साक्ष चालते. हनफी पंथाच्या नियमाप्रमाणे आकाश ढगाळ असेल, तर रमजान सुरू करायला एका विश्वासू माणसाची साक्ष पुरते, ईदसाठी दोघांची लागते. आकाश निरभ्र असेल तर एक-दोघांचे ऐकत नाहीत, पुष्कळ लोकांनी पाहिलेले असावे लागते. स्वच्छ आकाशात चंद्र असेल तर तो एकट्यालाच कसा दिसेल, हा त्यामागचा विचार कोणत्याही वेधशाळेला मान्य व्हावा असा आहे. साक्ष तपासून निर्णय देण्याचे काम उलमांच्या रुयत-ए-हिलाल कमिट्या करतात. पूर्वी ही खबर पोहोचायला रात्र सरायची; आता फोनवर काही मिनिटांत येते, आणि खोटी खबरही तितक्याच वेगाने येते.

किती लांबची साक्ष मानायची, यावर पूर्वापार मतभेद आहेत. एक मत असे, की प्रत्येक प्रदेशाचे क्षितिज वेगळे, म्हणून चंद्रही त्याचा त्याचा. दुसरे मत एका ठिकाणचे दर्शन दूरवर लागू करते. म्हणूनच २०२४ साली केरळात ईद १० एप्रिलला झाली आणि महाराष्ट्रात ११ ला. सौदी अरेबियात ईद बहुधा एक दिवस आधी येते, याचे थोडे कारण भूगोलात आहे. मक्केचा सूर्य फर्दापूरनंतर जवळजवळ अडीच तासांनी मावळतो, तेवढ्यात चंद्र सूर्यापासून अंशभर आणखी दूर जातो. पण सगळा फरक एवढ्याने भरून निघत नाही. २०२५ मध्ये सौदी अरेबियाने ३० मार्चला ईद जाहीर केली. आदल्या संध्याकाळी मक्केत चंद्र साडेचार तासांचा होता आणि दांजाँच्या मर्यादेच्या बराच आत होता. गणित चंद्र दिसलाच असेल असे कधी सांगू शकत नाही, पण दिसणे अशक्य होते हे ठामपणे सांगते. साक्ष तपासताना एवढा आधार तरी घ्यायला हवा, आणि तो घेतल्याने दर्शनाच्या नियमाला बाध येत नाही.

दाऊदी बोहरा समाजाने हा प्रश्न हजार वर्षांपूर्वीच्या फातिमी परंपरेतून सोडवला आहे. त्यांच्या कॅलेंडरात महिने आलटून पालटून ३० आणि २९ दिवसांचे असतात, नववा महिना रमजान म्हणून नेहमी ३० चा. चांद्रमास सरासरी २९ दिवस, १२ तास, ४४ मिनिटांचा. वरची मिनिटे साठून राहू नयेत म्हणून ३० वर्षांत ११ वेळा एक दिवस वाढवतात. अशी ३० वर्षे १०,६३१ दिवसांची होतात आणि चूक एका दिवसाची व्हायला सुमारे अडीच हजार वर्षे लागतात.

बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे, सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. पंचांग हा फरक अधिक महिना घालून भरून काढते. हिजरी गणनेत अधिक महिना कुराणानेच वर्ज्य ठरवला आहे. दोन्ही पद्धती एकाच चंद्रावर चालत असल्याने त्यांचे नाते महाराष्ट्राला नुकतेच स्पष्ट दिसले. हिजरी महिना प्रतिपदेनंतर दिवसभराने लागतो, त्यामुळे त्याची १० तारीख बहुधा एकादशीला येते. २०२२ आणि २०२३ मध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद, म्हणजे १० जिल्हेज, एकाच दिवशी आल्या. २०२३ साली पंढरपुरासह अनेक गावांत मुस्लिम समाजाने त्या दिवशी कुर्बानी केली नाही. ती पुढच्या दोन दिवसांतही करता येते. मग त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि जोडी एका महिन्याने सरकली: २०२४ आणि २०२५ मध्ये आषाढीच्या दिवशी १० मोहरम होता. २०२६ सालच्या अधिक ज्येष्ठाने आषाढी सफर महिन्यात जाते.

ऋतूंशी नाते नसलेले वर्ष शेतसाऱ्याला चालत नाही, हे दख्खनच्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते. म्हणून सूर्य मृगात गेला की बदलणारा सुहूर सन मराठी कागदपत्रांत आला, आणि मराठवाडा निजामाकडे असेपर्यंत महसुलाचा हिशेब फसली सनावर राहिला. सणांनी मात्र चंद्राची साथ सोडली नाही. म्हणूनच रमजान सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरतो. २०२० मध्ये तो एप्रिल-मेच्या उन्हात होता, आता थंडीकडे सरकतो आहे, आणि २०३० या एकाच इंग्रजी वर्षात तो दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या.