विवरातली काच, परातीतली काच

१२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊ जन्मोत्सवाची गर्दी ओसरते न ओसरते तोच संक्रांत दारात उभी राहते. त्या दोन दिवसांत बुलडाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही आळीतून चाला, नाकाला एकच वास लागतो: भाजलेल्या तिळांचा. गेल्या संक्रांतीला पुण्याहून मेहकरला आलेली माझी भाची ओट्यावरची परात बघून म्हणाली, "मामा, हे तर सगळं व्हेगन आहे. आणि नो-बेकसुद्धा!" आईनं झाऱ्या तसाच धरून विचारलं, "काहून वं, कोन बेगम?"

बेगम नव्हे, व्हेगन. हा शब्द १९४४ सालचा. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो घडवला. मांस-अंडी तर नाहीच, दूध, तूप आणि मधही नाही, असा आहार. आपल्याकडे २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पदार्थांसाठी वेगळे नियमच केले, त्यांचं हिरवं चिन्हही ठरवलं. राहिला 'नो-बेक'. ज्यांच्या घरी ओव्हन आहे त्यांना तो न वापरण्याचं अप्रूप. आमच्या वऱ्हाडात भाजायचे ते रोडगे, शेतात, गोवऱ्यांच्या आरात. गोडधोड भट्टीत घालण्याची कल्पनाच कुणाला सुचली नाही.

तरी भाचीच्या शोधाला मी थोडा सुरुंग लावलाच. आमच्या चिक्कीत जनावराकडून आलेलं काही नसतं, हे वरवर खरं. पण परातीला तुपाचा हात लावलेला असतो. काटेरी हलव्यासाठी साखरेचा पाक करताना मळी काढायला त्यात चमचाभर दूध टाकतात, ते तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. त्या दुधाचं काम चवीचं नाही. उकळत्या पाकात दुधातली प्रथिनं गोठतात, तरंगणारा कचरा आपल्या जाळ्यात धरतात आणि फेसासोबत वर येतात. फेस काढला की पाक स्वच्छ. गुळाच्या गुऱ्हाळात हेच काम भेंडीचा चीक करतो, म्हणून गूळ या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतो. हल्लीची साखर बरीच स्वच्छ असते, दूध वगळलं तर हलव्याचं काही बिघडत नाही. परातीला तुपाऐवजी फल्लीतेल लावलं की झालं. आईनं ते लावलं. "तूप वाचलं," एवढीच तिची टिप्पणी.

आता कढईकडे. गूळ चमचाभर पाण्यासोबत वितळला की आई शेजारी वाटीत गार पाणी घेते. पाकाचा थेंब त्यात सोडायचा. पहिला थेंब नुसताच पसरतो. थोड्या वेळानं टाकलेला बोटांनी गोळा करता येतो, मेणासारखी मऊ गोळी होते. हा लाडवांचा पाक. पुढे गोळी कडक होत जाते आणि शेवटी अशी वेळ येते की पाण्यातून काढलेली गोळी वाटीच्या काठावर आपटली की वाजते. "टन्न वाजला त उतर," ही आईची चिक्कीची संपूर्ण पाककृती. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही.

खरं तर वाटी हाच तिचा थर्मामीटर आहे. नुसतं पाणी १०० अंशांपुढे तापत नाही. साखर विरघळलेलं पाणी तापतं. पाणी जसजसं उडतं तसतसा पाकाचा उत्कलनबिंदू चढतो. त्यामुळे पाक किती तापला यावरून त्यात पाणी किती उरलं हे कळतं. साखरेच्या पाकाची मऊ गोळी होते ती ११२ ते ११६ अंश सेल्सियसला, तेव्हा त्यात साधारण १५ टक्के पाणी असतं. टण वाजणारा पाक १५० अंशांच्या आसपासचा, त्यात पाणी जेमतेम एक टक्का. हे आकडे साखरेचे. गुळात क्षार आणि इतर शर्करा असल्यानं तो लवकर करपतो, म्हणून गुळाची कढई जरा अलीकडेच उतरवावी लागते. मधल्या दोन-तीन मिनिटांत बाईचं लक्ष हललं की चिक्कीचं औषध झालंच म्हणून समजा.

टण वाजण्याचं कारण मात्र पाण्यात नाही, पाणी गेल्यावर साखरेचं जे होतं त्यात आहे. साखरेच्या रेणूंना सवड मिळाली तर ते कवायतीसारखे रांगेत उभे राहतात आणि स्फटिक बनतात, आपल्या डब्यातल्या साखरेसारखे. परातीत ओतलेल्या पाकाला ती सवड मिळत नाही. तो इतका दाट असतो आणि इतक्या पटकन गार होतो की रेणू जिथल्या तिथे, जत्रेतल्या गर्दीसारखे वेडेवाकडे अडकून पडतात. घट्ट, पण आत कसलीही रचना नाही. अशा पदार्थाला शास्त्रात काचच म्हणतात. खिडकीची काच वाळूची, चिक्कीची काच साखरेची. गुळातले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज इथे मदतीला येतात: निराळ्या आकाराचे रेणू मध्ये घुसल्यावर रांग लागायची कशी? हलव्यात उलट हवं असतं. तिथे कोमट परातीत तिळांवर पाक थेंबाथेंबानं घालून, बोटांनी हलवत, स्फटिकांना मुद्दाम वेळ दिला जातो. म्हणून हलव्याला काटे येतात आणि चिक्कीला चकाकी.

आमच्या जिल्ह्याला काच नवी नाही. मेहकरहून जवळच लोणार आहे. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटरचं ते विवर अशनी आदळून झालं, तेही बेसाल्ट खडकात, ही पृथ्वीवर फार दुर्मीळ गोष्ट. पूर्वी त्याचं वय पन्नास हजार वर्षं धरत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनं ते पावणेसहा लाखांच्या घरात नेलं. आघातात खडक वितळला, त्याचे शिंतोडे उडाले आणि हवेत असतानाच गार झाले. खडकाच्या रेणूंनाही रांग लावायला वेळ मिळाला नाही. त्या शिंतोड्यांचे काचेचे मणी विवराभोवतीच्या मातीत संशोधकांना सापडले आहेत. पाक परातीत ओततानाचीच ही कथा, फक्त आच फार मोठी.

पण लोणारला काचेचा आणखी एक प्रकार आहे आणि मला त्याचं कौतुक जास्त. १९७३ मध्ये अमेरिकी आणि भारतीय भूशास्त्रज्ञांनी लोणारच्या खडकात मॅस्केलिनाइट असल्याचं दाखवलं. हे खनिज आधी ठाऊक होतं ते उल्केतून: बिहारातल्या शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेल्या अशनीत ते सापडलं आणि १८७२ मध्ये त्याचं बारसं झालं. त्याची गंमत अशी की ही काच बनताना खडकातलं फेल्डस्पार सहसा वितळलेलं नसतं. वातावरणाच्या सुमारे तीन लाख पट दाब क्षणात आला आणि घन अवस्थेतच स्फटिकाची रचना मोडून पडली. स्फटिकाची बाहेरची आकृती तशीच, आतली शिस्त गायब. वितळून होते ती एक काच, नुसत्या दाबानं होते ती दुसरी.

म्हणजे पाकाची चिक्की आणि कुटलेला लाडू! तुलना फार ताणू नये हे मला कळतं. लाडवात काच होत नाही आणि आईच्या मुठीचा दाब लोणारच्या जवळपासही जात नाही. पण पाक न करता, आच न लावता, निव्वळ दाबून वस्तू घट्ट करणं हा कुटलेल्या लाडवाचा धर्म आहे, आणि भाचीला जे 'नो-बेक' हवं होतं ते खरं हेच.

दोन वाट्या फल्लीदाणे मंद आचेवर भाजा. आच वापरायची ती इथेच. कच्च्या दाण्याला हिरवट वास असतो. भाजताना त्यातली शर्करा आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडतात, त्या झटापटीतून तो खमंग वास निघतो. सालं चोळून काढा, पाखडा, आणि मग दाणे सुपातच निवडा. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा डाग असलेला किंवा कडू लागलेला दाणा फेकून द्यायचा, चिंगूसपणा करायचा नाही. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले. कारण शोधता शोधता त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत बुरशीचं विष सापडलं, तेच अफ्लाटॉक्सिन. ते भाजल्यानं पुरतं जात नाही. आमच्या आजीला हे नाव ठाऊक नव्हतं, पण निवडल्याशिवाय तिनं कधी दाणे कुटले नाहीत.

निवडलेले दाणे मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं, पेशींच्या आत बारीक थेंबांत कोंडलेलं. पातं त्या पेशी फोडतं. रवाळ कूट झाल्यावर थांबलात तर तेल कणांवर हलकंसं चढतं. पुढे फिरवत राहिलात तर हातात लाडू नाही, पीनट बटर येईल. मग वाटीभर चिरलेला मऊ गूळ घालून पुन्हा दोनदा फिरवा. गुळातली थोडीशी ओल चिकट पाकाची पातळ पुटं तयार करते आणि ती दोन कणांना पुलासारखी जोडतात. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो अशाच पुलांवर. म्हणून जुना, कोरडा पडलेला गूळ घेतला की लाडू वळत नाही, फुटतो. अशा वेळी दूध शिंपडायची सवय असते. त्याऐवजी चमचाभर कोमट पाणी पुरतं, मात्र ते लाडू लवकर संपवायचे.

मूठ घट्ट दाबली की तळव्यावर तेलाची चमक उमटते. लाडू झाला.

खजुराचे जे गोळे हल्ली शहरात 'एनर्जी बॉल' म्हणून विकतात त्यांचंही बिंग एवढंच: खजुरातली शर्करा गुळाचं काम करते. सातपुड्यातल्या आदिवासी घरांत वाळवलेली मोहाची फुलं भाजून तिळांबरोबर कुटतात, तिथे चिकटवायला फुलातलीच साखर. हे सगळे दिवसचे दिवस टिकतात, कारण त्यातलं पाणी साखरेनं धरून ठेवलेलं असतं आणि जिवाणूंच्या वाट्याला येत नाही. ओलं खोबरं किंवा केळं घातलंत तर हिशेब बदलतो. ते त्याच दिवशी खावं. नुसत्या दाण्यांचा लाडू शेवटी बिघडतो तो तेल खवट होऊन. तिळाचा त्यातल्या त्यात उशिरा, कारण तिळात सेसॅमॉलसारखी तेलाला जपणारी द्रव्यं असतात.

दूध सोडलेल्यांना तिळातलं कॅल्शियम नेहमी सांगितलं जातं. शंभर ग्रॅम सालासकट तिळांत ते हजार मिलिग्रॅमच्या आसपास भरतं, खरंय. पण त्यातलं बरंच सालात, ऑक्झलेटशी बांधलेलं असतं आणि आतडं ते सोडवून घेत नाही. आणि गूळ म्हणजे औषध नव्हे. त्याचा मोठा हिस्सा साखरच. मधुमेह्यानं गुळाचा लाडू 'नैसर्गिक' म्हणून दोन जास्त खाण्यात काही अर्थ नाही.

काचेचं एक सांगायचं राहिलं. कोरडी साखरेची काच साधारण साठ-सत्तर अंशांपर्यंत कडक राहते, पण तिच्यात दोन-चार टक्के पाणी शिरलं की हा आकडा धडाधड खाली येतो, अगदी घरातल्या तापमानाच्याही खाली. मागच्या ऑगस्टात मी घाटाखाली मलकापूरला आत्याकडे चिक्कीचा डबा नेला आणि झाकण नीट न लावता फडताळात ठेवला. तीन दिवसांत तुकड्यांच्या कडा गोल झाल्या, वड्या एकमेकींना बिलगल्या, वाजणं संपलं. लोणारची काच, पाणी तिलाही कुरतडत असताना, लाखो वर्षं टिकली. माझी एका झडीत गेली. आत्यानं काही न बोलता तो गोळा खलबत्त्यात घातला, वरून मूठभर भाजलेले तीळ टाकले, कुटलं, आणि संध्याकाळी चहाबरोबर लाडू पुढे केले.