व्हायवा, धडधड आणि आतला ब्रेक

व्हायवा सुरू आहे. बाहेरच्या बाकावर तुम्ही बसलाय. तोंड कोरडं, हात घामेजलेले, छातीत धडधड. सकाळी अप-डाऊनच्या गाडीत घोकलेलं सगळं गायब! शेजारचा म्हणतो, "टेन्शन नको घेऊ रे." पण टेन्शन कुणी घेत नाही, ते येतं. ते उतरवायचं काम शरीरात कुणाकडे आहे, एवढं मात्र माहीत असलेलं बरं.

ते काम परानुकंपी चेतासंस्थेचं. शाळेत हे नाव पाठ केलं होतं, आठवतंय? तिची जोडीदार अनुकंपी. इंजिनं बघत वाढलेल्या भुसावळकरांना हे लगेच कळेल : अनुकंपी वेग वाढवते, परानुकंपी ब्रेक लावते. धोका वाटला की हृदय पळतं, पचन मंदावतं, लाळ आटते. व्हायवा म्हणजे वाघ नाही, पण शरीर दोन्हीला सारखंच घाबरतं. धोका टळला की परानुकंपी गाडी रुळावर आणते. शेवभाजीच्या वासाने तोंडाला सुटणारं पाणी हेही तिचंच काम.

गंमत म्हणजे हा ब्रेक कायम थोडा लावलेलाच असतो. हृदयाला मोकळं सोडलं, तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. शांत बसल्यावर ते ७०च्या आसपास असतात, कारण मेंदूच्या तळापासून हृदय, फुप्फुसं आणि आतड्यांपर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतू त्याला आवरून धरतो. म्हणजे शांत असणं हेही शरीराचं कामच आहे.

ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयाचा व्हेगस चेतवला. ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं! ब्रेक लावणारं हे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. या कामासाठी १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना मिळालं.

मग हा ब्रेक आपल्या हातात आहे का? थोडासा, श्वासाच्या वाटेने. मनगटावर बोटं ठेवून बघा. श्वास घेताना नाडी किंचित वेगात चालते, सोडताना मंदावते, कारण सोडताना व्हेगसचा जोर वाढतो. म्हणून चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. असं पाच मिनिटं. जोर लावू नका, गरगरलं तर थांबा.

श्वासाचं हे शास्त्र आपल्यालाही परकं नाही. आपल्या अमळनेरच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य राहिलेले जगन्नाथ गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम उभारलं आणि योगक्रिया करताना शरीरात काय घडतं, ते एक्स-रेसारख्या साधनांनी तपासायला घेतलं.

एक मात्र खरं, न वाचलेलं युनिट श्वासाने आठवत नाही. आणि आठवडेच्या आठवडे झोप नसेल, विनाकारण धडधड होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मनावरचा ताण असह्य झाला तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र सुरू असतो.

आता आतून तुमचं नाव पुकारलंय. उठण्याआधी एक श्वास सावकाश सोडा. आणि जा!