खेळांची वंशावळ : लेखांक सातवा – नाव एकाकडे, वसा दुसऱ्याकडे

दहिवडीच्या तहसील कचेरीत वारसनोंदीचे जे दप्तर आहे, त्यात माण तालुक्यातील कोणत्या जमिनीवर कोणाचे नाव केव्हा लागले याची हकीकत शोधणाऱ्यास सापडते; परंतु त्याच तालुक्यात गोंदवल्यास १९१३ साली देह ठेवलेल्या ब्रह्मचैतन्य महाराजांचा वसा पुढे कोणी चालविला, हा प्रश्न घेऊन कोणी त्या दप्तरापाशी गेला, तर त्यास रिकाम्या हातानेच परतावे लागेल. ज्यांनी तो चालविला त्यांतील प्रमुख शिष्य ब्रह्मानंद महाराज हे कर्नाटकातील जालिहाळचे. महाराजांशी त्यांचे रक्ताचे नाते नव्हते आणि गोंदवल्याच्या मिळकतीवर त्यांचा हक्कही नव्हता. खुद्द महाराजांना येहळेगावच्या तुकामाईंकडून जे लाभले, तेही कोणत्या खरेदीखताने किंवा मृत्युपत्राने लाभलेले नव्हते. लाभली ती साधनेची रीत, आणि ती पुढे देण्याची मुखत्यारी. मिळकतीचा वारस निराळा आणि साधनेचा वारस निराळा, हा भेद आपल्या माणदेशी वाचकांस नव्याने शिकवावयास नको. म्हणून व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात ज्याला ‘आध्यात्मिक वारस’ म्हणतात, त्या प्रकाराचे विवेचन याच भेदापासून आरंभिणे मला सोयीचे वाटते.

खेळाचा पुढचा भाग आणि खेळाचा आध्यात्मिक वारस यांत गल्लत होऊ देता कामा नये. पुढच्या भागाजवळ सनद असते: तेच नाव, तीच पात्रे, तोच मालक. आध्यात्मिक वारसाजवळ यांपैकी काहीही नसते. असते ती केवळ खेळण्याची रीत, म्हणजे खेळणाऱ्याच्या पुढे टाकलेला पेच, तो सोडविण्यास दिलेली साधने आणि चुकल्यास भोगावयाची शिक्षा. अशी फारकत होऊ शकते, याचे कारण कायद्यात आहे. नाव, चित्रे, संगीत, संवाद आणि संगणकास दिलेल्या आज्ञांची संहिता यांवर मालकी सांगता येते, पण नुसत्या कल्पनेवर ती सांगता येत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या दाव्यात हेच तत्त्व निःसंदिग्धपणे मांडले. आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट उचलला असे आनंद यांचे म्हणणे होते. न्यायालयाने मात्र असे ठरविले की, विषय व कल्पना एक असूनही मांडणी भिन्न असेल, तर तेथे हक्कभंग होत नाही. अर्थात या मुभेसही हद्द आहे. ‘टेट्रिस’ या खेळाची जवळजवळ हुबेहूब नक्कल करणाऱ्या एका कंपनीस २०१२ साली न्यू जर्सीच्या न्यायालयाने दोषी धरले, कारण तिने नियमांबरोबर रूपही उचलले होते. वारस आणि तोतया यांच्यामधील सीमा ही अशी आहे.

या जातीचा बहुधा सर्वांत प्रसिद्ध वंश अमेरिकेतला. ब्रायन फार्गो यांच्या इंटरप्ले कंपनीने १९८८ साली ‘वेस्टलँड’ हा, अणुयुद्धानंतरच्या उजाड वाळवंटात भटकंती करावयास लावणारा खेळ रचला. पण तो प्रकाशित केला इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने, आणि नावावरील हक्क तिच्याकडेच राहिला. तो काही इंटरप्लेच्या हाती आला नाही, तेव्हा १९९७ साली तिने तसाच भयाण प्रदेश आणि निर्णयाचे परिणाम खेळणाऱ्याच्या माथी मारण्याची तीच रीत घेऊन ‘फॉलआउट’ हा नवा खेळ काढला, आणि तो मूळ पुरुषाहून मोठा झाला. पुढे नियतीने गंमत केली ती अशी की, ‘फॉलआउट’चे हक्क २००७ साली बेथेस्डा कंपनीस विकले गेले, तर फार्गो यांनी दुसरी कंपनी उभारून ‘वेस्टलँड’चे नाव सोडवून आणले व २०१४ साली त्याचा दुसरा भाग प्रसिद्ध केला. भाऊबंदकीचे खटले पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांस हा फेरफार मुळीच अपरिचित वाटणार नाही!

परंतु शेतीवर जगणाऱ्या आपल्या मुलखास अधिक जवळचे उदाहरण निराळेच आहे. यासुहिरो वादा या जपानी रचनाकाराने १९९६ साली एक खेळ सिद्ध केला, ज्यात लढाई नाही, शत्रू नाही. पडीक शेत लागवडीखाली आणावयाचे, गुरे सांभाळावयाची, गावातल्या माणसांशी स्नेह जोडावयाचा आणि ऋतूंमागून ऋतू जाऊ द्यावयाचे. जपानात त्याचे नाव ‘बोकुजो मोनोगातारी’. अमेरिकेत नात्सुमे कंपनीने तो ‘हार्वेस्ट मून’ या नावाने विकला. २०१४ साली मूळ जपानी मालकाने आपल्या खेळाची अमेरिकेतील विक्री नात्सुमेकडून काढून घेतली, तेव्हा ‘हार्वेस्ट मून’ हे नाव मात्र नात्सुमेच्याच पदरी राहिले. तेव्हापासून मूळ मालिका परदेशात ‘स्टोरी ऑफ सीझन्स’ या परक्या नावाने वावरते, आणि जुन्या नावाखाली नात्सुमे आपले स्वतंत्र खेळ विकते. ज्याच्याजवळ नाव आहे तो मूळ वंशातला नाही, आणि जो मूळ वंशातला आहे त्याच्याजवळ नाव नाही.

या दोघांच्या तंट्याशी काडीचाही संबंध नसलेला तिसराच मनुष्य वारस म्हणून पुढे आला. एरिक बॅरोन या अमेरिकी तरुणास लहानपणी खेळलेल्या त्या मालिकेचे पुढले भाग उतरत्या प्रतीचे वाटू लागले, म्हणून त्याने चित्रे, संगीत, कथा आणि संहिता सारे एकहाती रचून, चारेक वर्षे खपून, २०१६ साली ‘स्टारड्यू व्हॅली’ प्रसिद्ध केला. त्यात आजोबांनी मागे ठेवलेल्या पत्रातून नातवास शेत मिळते. म्हणजे ज्या खेळाला वारसापत्र नाही, त्याची कथा मात्र वारसापत्रानेच सुरू होते. माझ्या मते याचे मर्म शेतात नाही, दिवसाच्या मर्यादेत आहे. दिवस लहान, अंगातले बळ मोजके, आणि पाणी घालणे, मासे धरणे, शेजाऱ्यास भेटणे यांतले सारे काही एका दिवसात साधावयाचे नाही, ही ओढाताण बॅरोन यांनी मूळ खेळातून अचूक उचलली. बाकी एक तक्रार नोंदवितो: त्या खेळात तळ्यातून कितीही झाऱ्या भरल्या तरी तळे आटत नाही. राजेवाडीच्या तलावाचा उघडा पडलेला तळ ज्याने पाहिला आहे, अशा कोणा माणदेशी रचनाकाराच्या हातून हा खेळ घडता, तर तो निराळा आणि बराच अवघड झाला असता.

मूळ कर्ताच नव्या नावाने अवतरला म्हणजे वारसा आपोआप सिद्ध होतो, असेही नाही. ‘मेगा मॅन’शी ज्यांचे नाव जोडले गेले होते त्या केइजी इनाफुने यांनी चाहत्यांकडून अडतीस लाख डॉलरांवर वर्गणी गोळा करून २०१६ साली ‘मायटी नंबर नाइन’ काढला आणि चाहत्यांची निराशा केली. उलट, ‘कॅसलवेनिया’चे कोजी इगाराशी यांनी त्याच मार्गाने २०१९ साली ‘ब्लडस्टेन्ड’ काढून नाव राखले.

आता स्वदेशी. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली आणि पारावर, एस. टी. थांब्यावर मोबाईलमध्ये माना खुपसून बसलेल्या आमच्याकडील पोरांचा ‘पब्जी’ एकाएकी हिरावला गेला. दोनच दिवसांनी बंगळुरूच्या एनकोअर कंपनीने ‘फौजी’ची घोषणा केली, आणि रिकाम्या गादीवर हाच बसणार असे जो तो म्हणू लागला. २६ जानेवारी २०२१ रोजी तो हाती आला तेव्हा दिसले की, शंभरजणांनी निःशस्त्र एका बेटावर उतरावे, मिळेल ते शस्त्र उचलावे, आवळत जाणाऱ्या वर्तुळात शेवटचा उरेल त्याने जिंकावे, ही ‘पब्जी’ची रीत त्यात नव्हतीच, गलवानच्या खोऱ्यात एकट्याने हातघाईची लढाई करावयाची होती. गादी रिकामी असणे आणि तिच्यावर बसण्याचा अधिकार असणे, या दोन गोष्टी लोकांनी एक मानल्या. त्याच वर्षी जुलैत दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने नाव पालटून, रक्ताचा तांबडा रंग काढून तोच खेळ भारतात परत आणला. ती सरळ सरळ वारसनोंद होती, वसा नव्हे. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा, ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडस’ याहून विचार करावयास लावतो. वर्तुळ तेच, पण ‘कॉस्मियम’ नावाचे द्रव्य हस्तगत करूनही त्यात जिंकता येते, म्हणजे रीत घेऊन तीत भर घातली आहे. तरीही मी त्यास वारस म्हणणार नाही. मूळ पुरुष हयात असून ऐन भरात आहे, तेव्हा ‘इंडस’ हा त्याचा भाऊबंद.

पुण्याच्याच नॉडिंग हेड्स कंपनीच्या ‘राजी’विषयी (२०२०) मात्र निर्णय करणे मला जड गेले. दुर्गेच्या त्रिशूळाने असुरांशी झुंजत भावाच्या शोधात निघालेली ही मुलगी भिंतींवरून धावते, खांबांवरून झेपावते, आणि तिच्या प्रत्येक हालचालीत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची, त्यातही २००३ सालच्या ‘सँड्स ऑफ टाइम’ची चाल ओळखू येते, त्या मालिकेचा मुख्य प्रवाह तेव्हा कित्येक वर्षे थंडावलेला असल्याने जागाही मोकळी होती. पण त्या खेळाचा प्राण भिंतीवरच्या धावण्यात नव्हता. चुकून दरीत कोसळलेल्या राजपुत्राने वाळूच्या प्रभावाने काळ मागे फिरवून तीच उडी पुन्हा घ्यावी, या सवलतीत होता. ‘राजी’त ती सवलत नाही. प्रत्यक्ष मालकानेही ती आपल्या नव्या मालिकेत नेली नाही. युबिसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा पुढचा भाग म्हणून आरंभिलेला प्रकल्प २००७ साली ‘असॅसिन्स क्रीड’ होऊन बाहेर पडला, तो चढणे-धावणे घेऊन आणि काळ मागे फिरविणे टाकून. ती सवलत पूर्ण विस्ताराने वापरलेली मला आढळली ती जोनाथन ब्लो यांच्या २००८ सालच्या ‘ब्रेड’मध्ये, जेथे राजपुत्र नाही, फारसचा राजवाडा नाही, आणि भिंतीवरून कोणी धावतही नाही.