हिसारलिक, १८७२ : पहाटे ५ ते संध्याकाळी ६

पहाटे ५
उत्तरेचा वारा डार्डनेल्सच्या सामुद्रधुनीवरून थेट तुर्कस्तानातल्या हिसारलिकच्या टेकाडावर येतो. आसपासच्या गावांतले शंभर-सव्वाशे मजूर, ग्रीक आणि तुर्क, कुदळ-फावडी घेऊन चढू लागतात. लंडनहून मागवलेल्या लोखंडी चाकांच्या हातगाड्या तयार असतात. निकोलाओस यान्नाकिस मजुरीचा हिशेब ठेवतो. दुभाषा तोच आणि स्वयंपाकीही तोच. काम हाइनरिख श्लीमानचं आहे. व्यापारात गडगंज कमावलेला हा जर्मन स्वतःच्या पैशाने होमरच्या महाकाव्यातलं ट्रॉय शोधतो आहे. या पांढरीच्या टेकाडात ट्रॉय आहे, हे त्याला पटवून देणारा फ्रँक कॅल्व्हर्ट याच भागात राहतो आणि टेकाडाचा काही भाग त्याच्याच मालकीचा आहे.

सकाळी ९
न्याहारीला अर्धा तास. तंबाखू ओढायची ती याच सुट्टीत. कामाच्या वेळात सक्त बंदी. दिवस मोठे झाले तसं श्लीमानने काम तासाभराने वाढवलं आणि ही बंदीही घातली. तेव्हा रेंकोई गावचे सत्तरेक मजूर बिथरले, दगडफेक करून त्यांनी इतरांचंही काम बंद पाडलं. श्लीमानने त्या सगळ्यांना काढून टाकलं आणि नवे मजूर आणले.

सकाळी ११
चर टेकाडाच्या उत्तर कडेपासून आत सरकतो आहे. होमरचं ट्रॉय अगदी तळाशी, मूळ जमिनीलगत असणार, ही श्लीमानची खात्री. त्यामुळे वरचं सगळं त्याच्या लेखी वाटेतली अडचण. मातीची उभी भिंत खालून पोखरायची आणि मोठमोठ्या पहारींनी ढासळवायची. तिच्यासोबत नंतरच्या वस्त्यांच्या भिंतीही कोसळतात आणि हातगाडीतून उतारावर जातात. एकदा अशीच माती मुकादम गेओर्गिओस फोटिदास आणि एका मजुराच्या अंगावर आली. फळ्यांच्या आडोशामुळे दोघे वाचले. कण्हण्याचा आवाज ऐकून त्यांना बाहेर काढलं.

दुपारी १:३०
दीड तास जेवण आणि विश्रांती. सकाळपासून सापडलेल्या वस्तू जमा होतात. त्यांत सर्वांत जास्त टकळीच्या भाजलेल्या मातीच्या चकत्या, मधोमध भोक असलेल्या. नक्षीदार चकतीला थोडं बक्षीस मिळतं, म्हणून काही मजूर साध्या चकतीवर सुरीने सूर्याची किरणं कोरून आणतात. श्लीमानला ताजी रेघ लगेच ओळखू येते आणि त्या मजुराची मजुरी कापली जाते. अंगणात बसून सूत कातणाऱ्या बाईच्या हातातली ही चकती. ट्रॉयमधलं रोजचं जगणं खऱ्या अर्थाने इथे दिसतं, राजांच्या युद्धात नव्हे.

दुपारी ४
ऊन, धूळ, वारा. मैदानातल्या दलदलीमुळे हिवताप ठरलेलाच. श्लीमान स्वतः क्विनाइन घेतो, आजारी मजुरांनाही देतो.

संध्याकाळी ६
काम थांबतं. मजूर उतरून जातात.

रात्री
श्लीमान वही उघडतो. कोणती वस्तू किती मीटर खोलीवर सापडली, हे तो टिपून ठेवतो. दिवसभराच्या घाईत गेलेलं या वहीने परत येणार नाही. पण पुढच्या अभ्यासकांना धागा मिळाला तो याच नोंदींतून. १८७४ मध्ये त्याने खोदकामाचा वृत्तांत आणि २१८ छायाचित्रांचा संच छापला, आणि त्याच्या चुका तपासायचं साधन जगाच्या हाती आलं.

त्या चुका मोठ्या होत्या. १८७३ मध्ये ज्या सोन्याला त्याने ट्रॉयचा राजा प्रायम याचा खजिना म्हटलं, ते तळापासून दुसऱ्या थरातलं, होमरच्या युद्धाला जो काळ मानतात त्याहून हजारेक वर्षं जुनं. त्या युद्धाच्या काळाशी जुळणारे सहावा आणि सातवा थर तो अडचण म्हणून कापत गेला होता. मधला मोठा कालखंड हाती लागलेलाच नाही, हे कॅल्व्हर्टने १८७३ च्या सुरुवातीलाच छापून सांगितलं होतं. श्लीमान तेव्हा त्याच्यावर चिडला. पुढे १८८२ मध्ये त्याने वास्तुशास्त्रज्ञ विल्हेल्म ड्योर्पफेल्डला सोबत घेतलं आणि थर नीट उलगडू लागले. सहाव्या थराची भव्य तटबंदी ड्योर्पफेल्डने १८९३-९४ मध्ये मोकळी केली. ती पाहायला श्लीमान हयात नव्हता.

१९३२ ते १९३८ या काळात कार्ल ब्लेगनने इथे उत्खनन केलं आणि टेकाडाचे काही भाग मुद्दाम न खोदता राखले, पुढच्या पिढीच्या नव्या साधनांसाठी. मला हा निर्णय कोणत्याही खजिन्याहून मोलाचा वाटतो. एकदा खोदलेली माती पुन्हा तशी रचता येत नाही. म्हणून आजच्या उत्खननात मोजमाप, रेखाटन आणि चाळणी यांत जाणारा वेळ वाया गेलेला वेळ नाही; उत्खननाचं खरं काम तेच.