राजदूताची खासगी डायरी: चार्ल्स रिची

डायऱ्या वाचायची आवड असेल, तर कॅनडाच्या चार्ल्स रिचींचं नाव टिपून ठेवा. जन्म १९०६, हॅलिफॅक्सचा. बॉन, संयुक्त राष्ट्रं, वॉशिंग्टन, लंडन अशा बड्या नेमणुका सांभाळणारा हा माणूस वहीत मात्र सरकारी भाषेला फिरकूही देत नाही. मेजवान्या, वरिष्ठांचे तोरे, गप्पांमधली कुजबुज, सगळं मिश्कीलपणे टिपतो आणि सर्वांत जास्त चिमटे स्वतःलाच काढतो.

त्यांच्या डायऱ्यांचा पहिला खंड, 'द सायरन इयर्स', १९७४ मध्ये आला. त्यात १९३७ ते १९४५ चा काळ आहे, म्हणजे बॉम्बवर्षावातलं लंडनही. याच लंडनमध्ये १९४१ साली कादंबरीकार एलिझाबेथ बोवेन भेटल्या आणि दोघांचं प्रेम बोवेन यांच्या मृत्यूपर्यंत, १९७३ पर्यंत टिकलं. 'द हीट ऑफ द डे' ही कादंबरी त्यांनी रिचींनाच अर्पण केली आहे.

१९६५ मध्ये व्हिएतनामवरच्या भाषणामुळे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन कॅनडाचे पंतप्रधान पिअर्सन यांच्यावर कॅम्प डेव्हिडला भडकले, तेव्हाही राजदूत रिची तिथे हजर होते.

पुढे आणखी तीन खंड आले. सुरुवात मात्र 'द सायरन इयर्स'पासूनच करा. तुमची आवडती डायरी कोणती? कमेंटमध्ये सांगा.